उसना कोयता

बक्षीस मिळालेली वस्तू माणूस भिंतीवर टांगतो, निदान आल्यागेल्याला दिसेल अशी ठेवतो. मेरेरिडने टेगविनकाकांचा कोयता स्वयंपाकघरातल्या फडक्यांच्या खणात, सगळ्यात खालच्या घडीखाली ठेवला होता. फडकं काढताना बोटं चुकून म्यानाच्या चामड्याला लागू नयेत, म्हणून ती वरचीच दोन फडकी आलटूनपालटून धुऊन वापरायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारपासून हे असंच चाललं होतं.

कोयता तसा बघण्यासारखा नव्हता. पातं वीतभराहून दोन बोटं कमी, पाठ जाड, पुढचं टोक छाटल्यासारखं चौकोनी. मूठ अ‍ॅशच्या लाकडाची, घामाने काळी पडलेली. खोऱ्यात बाकी सगळ्यांचे कोयते लांब आणि चोचीचे. हाही कधीकाळी तसाच होता. तीस वर्षांपूर्वी काकांनी एका जुन्या खोडावर घाव घातला आणि झाडाने गिळून टाकलेल्या तारेवर चोच तुटली. लोहाराने उरलेलं पातं सरळ करून दिलं. काका चार दिवस हळहळले आणि मग त्या आखूड पात्याच्या प्रेमात पडले. खुंटांना टोक काढायला, सरपण फोडायला, मेंढीच्या लोकरीत गुंतलेल्या काटेरी वेली तोडायला, डोंगरावर जेवायला बसल्यावर चीज कापायला, सगळ्याला तोच. लोकांनी त्याचं नाव ठेवलं बुटका. बुटका कमरेला नसला की काका विजार घालायची विसरल्यासारखे कावरेबावरे होतात, असं खोऱ्यातला थट्टेखोर गेथिन म्हणायचा.

मग काकांच्या बोटांचे सांधे सुजले. दोन हिवाळे त्यांनी रेटून काढले. गेल्या शरदात कुंपणवाल्यांच्या बैठकीत त्यांनी कमरेचा बुटका काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की यंदाचा कुंपण निजवण्याचा सामना जो जिंकेल त्याने हा घेऊन जावा. मेल्यावर वाटणी होण्यापेक्षा जिवंतपणी आपल्या हाताने दिलेला बरा. गेथिनने विचारलं, की मग चीज कशाने कापणार.

"दातांनी," काका म्हणाले. "आहेत तोवर."

मेरेरिडने त्या दिवशी टेबलावरच्या कोयत्याकडे फार वेळ बघायचं टाळलं. तिला तो हवा होता, आणि किती हवा होता हे कुणाला दिसू नये असंही तिला वाटत होतं. ती सेहेचाळीस वर्षांची होती. खोऱ्याच्या तळाशी तिची मेंढरं आणि थोडी जमीन. एकोणीस हिवाळे ती काकांच्या हाताखाली जिवंत झाडांची कुंपणं निजवायला शिकली होती. हिवाळ्यात, झाडात रस उतरलेला असताना, कुंपणातलं एकेक उभं खोड बुडाशी तिरपं चिरायचं, इतकं, की साल आणि तिला चिकटलेलं पातळसं लाकूड तेवढं शिल्लक राहील, आणि मग ते खोड चढाच्या दिशेने हळूच निजवायचं. शिल्लक राहिलेल्या पट्टीला सगळे जीभ म्हणतात. जिभेतून रस चढतो, निजलेलं खोड जगतं, आणि बुडख्यातून नवे धुमारे फुटतात. जीभ जाड राहिली तर खोड वाकत नाही, पातळ झाली तर तुटतं.

तुटलेल्या खोडाचा नियम काकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितला होता. ते लपवायचं नाही. आपल्या नंबरच्या पाटीशेजारी गवतावर ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. सामन्यात एका तुटलेल्या खोडाचे तीन गुण जातात. दुसराही एक नियम त्याच दिवशी सांगितला होता: कुणाचं हत्यार उसनं घेतलंस तर धार लावून परत द्यायचं, मग एकच फांदी का तोडलेली असेना. काकांचे नियम हे एवढेच. बाकीचं हाताला कळतं, असं ते म्हणत.

सामन्याच्या दिवशी सकाळी कडक हिव पडलं होतं. कूम हेलिग खोऱ्याच्या वरच्या अंगाला, नेस्टाच्या शेताच्या कडेने रस्ता चढत जातो, तिथलं हॉथॉर्नच्या काटेरी झाडांचं कुंपण यंदा सामन्याला दिलेलं. प्रत्येकाला दहा वार लांबीचा पट्टा. मेरेरिडला सात नंबर, तिच्या वरच्या बाजूला आठ नंबरवर गेथिन. साडेनऊला शिट्टी, अडीचला शेवट. सगळ्यांना ठाऊक होतं, की बुटका या दोघांपैकीच एकाच्या घरी जाणार. गेथिन एकतीस वर्षांचा होता, हात चलाख, आणि तोंड त्याहून. मेरेरिडने केव्हाच मनातल्या मनात कबूल केलं होतं, की त्याची चीर तिच्यापेक्षा सफाईदार होऊ लागली आहे.

सकाळी अकराच्या सुमारास त्याच्या बाजूने टक असा आवाज आला. गोठलेलं हॉथॉर्न काचेसारखं तडकतं. मेरेरिडने मान वळवली. गेथिन हातात पूर्ण सुटलेलं खोड घेऊन उभा होता. त्याने ते दोन्ही हातांवर धरून मिरवत आणलं, आठ नंबरच्या पाटीशेजारी ठेवलं, आणि टोपी काढली.

"आमचे प्रिय बंधू," तो म्हणाला. "सकाळपर्यंत तब्येत ठणठणीत होती."

लोक हसले. तोही हसला आणि पुन्हा कामाला लागला. पण त्याचे कान लाल झालेले मेरेरिडला दिसले. आणि तिच्या छातीत काहीतरी हलकं झालं, तेही तिला कळलं. तीन गुण. त्या हलकेपणाची पहिली लाज तिला तेव्हाच वाटायला हवी होती.

तिच्या पट्ट्याचा वरचा भाग डोंगराच्या सावलीत होता. तिथलं लाकूड दुपारपर्यंत गोठलेलंच राहिलं. सव्वा वाजता ती शेवटून तिसऱ्या खोडावर आली. मनगटाएवढं जाड, वर छान फुटलेलं. ते निजलं असतं तर मागची सगळी जागा भरून निघाली असती. तिने चीर दिली, खोडाला हात घातला, आणि वाकवता वाकवता तोच आवाज आला. टक. तिच्या हातात खोड पूर्ण सुटून आलं.

आजूबाजूला कुणी नव्हतं. गेथिन पाठमोरा वाकून काम करत होता. काका नेस्टाच्या तंबूत लीकचं सूप प्यायला गेले होते. बघे त्यांच्यामागे गेले होते. मेरेरिड पुढे कितीदा तरी ते चार-पाच क्षण आठवून बघायची, आणि त्यात तिला विचार असा कुठे सापडायचा नाही. तिच्या हाताने खोडाचं टोक बुडख्याच्या मागे मातीत खोचलं. पाचोळ्याखाली माती मऊ होती. हाताने त्यावर शेवाळ ओढलं, पाचोळा सारला. हाताने पुढचं खोड निजवून त्याच्यावर टेकवलं. सगळं इतक्या सफाईने झालं, की जणू हात हे आधी कधी करून बसला असावा. मग ती उभी राहिली, आणि तिला आपला श्वास ऐकू आला.

अडीचनंतर परीक्षक आले. इडवाल नावाचा सत्तरीचा माणूस, कमी बोलणारा, चिकट. प्रत्येक पट्ट्यापाशी तो गुडघ्यावर बसायचा. त्याच्यामागून काका घडीची खुर्ची घेऊन चालत होते, आणि काकांच्या मागून वीस-पंचवीस माणसं. सात नंबरपाशी इडवाल बराच वेळ थांबला. चांगलं आहे, म्हणाला. मग वरच्या टोकाकडे गेला आणि त्याने त्याच खोडावर हात ठेवला.

"हे जरा सैल वाटतंय," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"इडवाल, तिचं खोड उपटून बघणार आहेस की काय? तिला मी शिकवलंय. तुटलं असतं तर पाटीजवळ पडलं असतं."

एवढंच. पण काका असं चारचौघांत कधी कुणाला बोलत नसत. इडवालचा चेहरा तांबडा झाला. त्याने हात काढून घेतला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढे गेला. मेरेरिड दोन गुणांनी जिंकली.

संध्याकाळी गावच्या सभागृहात काकांनी तिच्या हातात बुटका दिला. म्यानाला नवं तेल पाजलं होतं, पातं पुसून चकचकीत केलं होतं. त्यांनी तिच्या पंजाभोवती आपली वाकडी बोटं मिटली आणि एकदा दाबली. गेथिनने टाळ्या वाजवल्या आणि ओरडून सांगितलं, की चीजचा वास घालवायला मात्र तिला दहा वर्षं लागतील. नंतर ती चहाचा कप घेऊन कोपऱ्यात उभी असताना इडवाल तिच्याकडे आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, की दुपारी तो उगाच बोलून गेला. एवढ्या वर्षांच्या तिच्या कामाबद्दल शंका घ्यायला नको होती. त्याला माफी मागायची होती.

"असू दे," मेरेरिड म्हणाली.

पुढच्या दिवसांत तिला खोडाची आठवण यायची तेव्हा तिचं अंग आक्रसायचं; पण हे 'असू दे' आठवलं, की ती जिथे असेल तिथे थांबायची. गोठ्यात, रस्त्यात, दुकानातल्या रांगेत. तिने त्या माणसाला माफ केलं होतं. मोठ्या मनाने.

मार्चमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या, आणि कामात दिवस बुडाले. काकांकडे ती दर बुधवारी जायची, तशी जात राहिली. ते बुटक्याबद्दल विचारायचे. चालतो ना? मूठ घट्ट आहे ना? ती हो म्हणायची. एकदा त्यांनी विचारलं, की बरोबर का आणला नाहीस. ती म्हणाली, घाईत राहिला. त्यावर काका हसले. म्हणाले, माझ्याकडून तो तीस वर्षांत कधी राहिला नाही. ते नुसतं बोलले, पण ती परतताना सगळी वाट ते वाक्य घोळवत आली.

एप्रिलच्या मध्यावर नेस्टाच्या रस्त्यावरच्या कुंपणाला पालवी फुटली. मेरेरिड बाजाराला जाण्याच्या निमित्ताने लांबच्या वाटेने गेली. सात नंबरच्या सगळ्या खोडांवर नखाएवढी हिरवी पानं होती. त्या खोडावरही होती. तिने जवळ जाऊन बघितलं, पुन्हा मोजलं, शेवटून तिसरं. हिरवंगार. तिला एकदम हसू फुटलं, आणि पाठोपाठ रडू आलं. खोड मातीत रुजलं असेल, अशी समजूत तिने करून घेतली. ओल्या जागी कधी कधी रुजतं म्हणतात. त्या दिवशी घरी आल्यावर तिने फडक्यांचा खण नीट लावला, आणि बुटका काढून टेबलावर ठेवण्यापर्यंत तिची मजल गेली. मग पुन्हा आत ठेवला.

तिला माहीत होतं, खरं तर. झाडाच्या लाकडात हिवाळ्यापूर्वी साठवलेलं अन्न असतं. मुळापासून तुटलं तरी त्या शिदोरीवर कळ्या उघडतात, पानं पसरतात. दोन आठवडे, फार तर तीन. मग पानांना पाणी हवं असतं, आणि ते येत नाही. हे तिनेच गेथिनला कधीतरी समजावून सांगितलं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा गेली. बाकीच्या खोडांची पानं अंगठ्याच्या पेराएवढी झाली होती. त्या खोडाची नखाएवढीच होती. कडा आत वळल्या होत्या. खालच्या फांदीवरची तपकिरी पडायला लागली होती. पट्टाभर हिरव्यात ते एक खोड असं दिसत होतं, जणू कुणी त्याच्याकडे बोट दाखवतंय.

पुढच्या रविवारी पालवीची फेरी होती. मेच्या दुसऱ्या रविवारी अकरा वाजता सगळे कुंपणवाले सामन्याच्या जागी जमतात आणि प्रत्येकाच्या पट्ट्यावरून चालत वर जातात. नंबरांच्या पाट्या तोवर काढत नाहीत. गुण बदलत नाहीत, कुणी कुणाला टोकत नाही, नुसतं बघतात. वर नेस्टाकडे चहा आणि तव्यावरचे केक. मेलेल्या खोडाची कारणं हजार असतात. मेंढी साल खाते, उंदीर जीभ कुरतडतो. पण कुणीही खाली वाकलं असतं आणि ते खोड जरा ओढलं असतं, तर ते मुळ्यासारखं हातात आलं असतं, आणि त्याला जीभच नसती. इडवाल नक्की वाकला असता.

म्हणून रविवारी आठ वाजताच ती निघाली. लांब कोयता कमरेला लावून रविवारचं कुणी फिरत नाही. तिने खण उघडला, फडकी बाजूला केली, आणि बुटका कोटाच्या आत लपवला. बेत साधा होता. खोड उपटायचं, तुकडे करायचे, ओढ्यात टाकायचे. शेजारच्या फांद्या ओढून फट झाकायची. बुटका अशाच कामांसाठी होता: आखूड, कोटात मावणारा. तसं मनात आल्यावर तिने पावलं भरभर टाकली.

रस्त्यावर कुणी नव्हतं. कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या, कोकरं उड्या मारत होती. तिने वाकून खोड धरलं आणि ओढलं. ते सहज आलं, काळं टोक, त्याला थोडं शेवाळ. तिने ते रस्त्याच्या कडेला आडवं धरलं, त्यावर पाय दिला आणि घाव घातला. पातं निम्म्यापर्यंत गेलं. दुसरा घाव घालायला हात उचलला, तेव्हा तिची नजर बुडख्याकडे गेली.

बुडख्यातून चार धुमारे आले होते. बोटाएवढे, लालसर, शेंड्याला कोवळी पानं. पाचोळा सारून तिने नीट बघितलं. बुडखा जिवंत होता. त्याला काहीच झालं नव्हतं. पुढच्या वर्षी हे धुमारे गुडघ्याएवढे होतील, त्याच्या पुढच्या वर्षी कमरेएवढे. फट भरून जाईल. आज फांद्या नीट ओढल्या, तर आजही कुणाला कळणार नाही, आणि दोन वर्षांनी कळायला काही उरणारच नाही.

म्हणजे ती सुटली होती. तिने ते मनात म्हणून बघितलं, आणि सुटल्यासारखं वाटायची वाट बघितली. इतके दिवस तिला वाटत होतं, की आपल्याला पकडले जाण्याची भीती वाटते. आता भीती नव्हती, आणि ते दुसरं ओझं, ते तसंच होतं. ते इडवालच्या हातातल्या टोपीत होतं, गेथिनच्या लाल कानांत होतं. ओढ्यात टाकण्यासारखं ते नव्हतं.

तिने खोड उचललं आणि सात नंबरच्या पाटीशेजारी गवतावर ठेवलं. कापलेलं टोक रस्त्याच्या बाजूला केलं, दिसेल असं. बुटका म्यानात घातला. मग ती समोरच्या बांधावर बसली. घरी जाऊन अकराला परत यावं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण आपण घरी गेलो तर परत येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पावणेतीन तास ती तिथेच बसून राहिली.

अकरा वाजून गेल्यावर माणसं वर येऊ लागली. पंधरा-सोळा जण. पुढे गेथिन, त्याच्या दंडाला धरून काका, मागे काठी टेकत इडवाल. एक नंबर, दोन नंबर; प्रत्येक पाटीपाशी थांबणं, हसणं. सहापाशी कुणीतरी कुणाच्या तरी खुंटांना डुलणारे दारुडे म्हणालं. मग ते सातपाशी आले. गेथिनने गवतावरचं खोड बघितलं. मग कुंपणातली फट. मग बांधावरून उठून उभी राहिलेली मेरेरिड. हे तिन्ही त्याने एकापाठोपाठ बघितलं, आणि तिला दिसलं, की त्याला कळलं.

"मेंढीचं काम," तो जरा मोठ्याने म्हणाला. "नेस्टाच्या मेंढ्या म्हणजे काय, उद्या पाट्यासुद्धा खातील."

ती सबब त्याने तिच्या हातात ठेवल्यासारखं होतं. तिला फक्त मान हलवायची होती.

"मेंढी नाही," मेरेरिड म्हणाली. "सामन्याच्या दिवशीच तुटलं होतं. मी ते मातीत खोचलं."

मागे कुणीतरी विचारलं, काय म्हणाली. दुसऱ्या कुणीतरी हळू आवाजात सांगितलं, की खोटं खोड लावलं होतं म्हणे. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना मेरेरिडला वाटलं, की हे शब्द आपल्याला सुचले नव्हते, आणि हेच बरोबर होते.

काकांनी हात पुढे केला. गेथिनने खोड उचलून त्यांना दिलं. काकांची नजर अधू झाली होती. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला, तिरप्या चिरेवरून, शेवटी जिथे लाकूड तडकलं होतं तिथपर्यंत.

"किती वाजता?"

"सव्वा वाजता."

"मी कुठे होतो?"

"सूप प्यायला गेला होतात, काका."

"हं," काका म्हणाले. मग मान न वळवता म्हणाले, "इडवाल, इकडे ये. हिला तुला काहीतरी सांगायचंय."

इडवाल तीन पावलांवरच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तरीही तिला ते पुन्हा सांगावं लागलं, त्याच्याकडे बघून, पहिल्यापासून. सैल खोड सैलच होतं, हेही. इडवाल काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिला.

"मी तुझी माफी मागितली होती," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"तू मला 'असू दे' म्हणालीस."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याला ते खरंच नीट लावून बघायचं होतं, हिशेब जुळत नसलेल्या माणसासारखं. मेरेरिड रस्त्याकडे बघत उभी राहिली.

मग काकांनी टोपी काढली. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. खोडाचं, बक्षिसाचं, आपलं काय होईल, हे सगळं तिने त्या बांधावर बसून कल्पून ठेवलं होतं. पण त्यांच्या पांढऱ्या विरळ केसांवर ऊन पडलेलं तिने कल्पलं नव्हतं.

"इडवाल," काका म्हणाले, "तुला मी चारचौघांत बोललो. चारचौघांत परत घेतो."

"अहो काका, राहू द्या," इडवाल पुटपुटला.

"राहू कशाला देऊ."

मेरेरिडने कोटातून बुटका काढला आणि मूठ पुढे करून काकांसमोर धरला. काकांनी तो म्यानातून ओढला. पात्याच्या पाठीवर बोट फिरवलं, मग ते बोट नाकाशी नेलं.

"मी लावलेलं तेल अजून तसंच आहे," ते म्हणाले. "वापरला नाहीस."

"एक घाव घातला. आज."

"एक घाव." त्यांनी तो म्यानात घातला आणि शेजारी उभ्या असलेल्या गेथिनच्या छातीशी लावला. "घे."

"मला नको, काका," गेथिन म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "असा नको."

"तुला विचारलं नाही मी."

गेथिनने घेतला. कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी त्याने तो कमरेच्या पट्ट्यात अडकवला, वाकडा. काकांनी टोपी घातली. मेरेरिडकडे त्यांनी पाहिलं, निदान तिच्या दिशेने.

"भोक बुजव," ते म्हणाले. "कोकरं रस्त्यावर येतील." आणि ते गेथिनच्या आधाराने पुढे निघाले. आठ नंबरपाशी ते सगळ्यांसारखेच थांबले, आणि गेथिनच्या कुंपणात जिथे एक खोड नव्हतं, तिथे बुडख्यातून आलेल्या धुमाऱ्यांवर त्यांनी हात फिरवला.

मेरेरिड फटीसमोर उभी राहिली. सामन्यानंतर उरलेले दोन खुंट खंदकात पडले होते. ते ठोकले आणि मधे काहीतरी आडवं विणलं, तर जागा अडली असती. पण खुंटांना टोकं नव्हती, ती काढायला हवी होती. आणि तिच्याकडे आता काहीच नव्हतं. एक कोकरू फटीपर्यंत येऊन तोंड बाहेर काढून बघत होतं. तिने त्याला हाताने मागे सारलं. मग तिने वरच्या बाजूला हाक मारली. पंधरा-सोळा माणसांनी मागे वळून बघितलं.

"गेथिन, कोयता जरा देशील?"

तो खाली आला. पट्ट्यातून बुटका काढून त्याने तिच्या हातात दिला. तो परत वर गेला.

तिने दगडावर खुंट टेकवून टोकं काढली, चार घाव एकाला, पाच दुसऱ्याला. आखूड पातं हातात बसत होतं, काका सांगत तसं, जणू मनगटाचंच पुढचं हाड. मोठा दगड घेऊन तिने खुंट ठोकले. मग पाटीशेजारचं खोड उचललं, वाकत नव्हत्या त्या फांद्या छाटल्या, आणि ते दोन खुंटांच्या मधे आडवं बसवलं. सुकलेली पानं तशीच राहू दिली. काटे होतेच, कोकरांना तेवढे पुरे होते. बुडख्याचे चार धुमारे तिने खोडाखाली दबू दिले नाहीत, एकेक करून बाहेर काढले.

नेस्टाच्या अंगणात लांब टेबलं मांडली होती. ती गेली तेव्हा बोलणं चालू होतं. ती जवळ आली तसं ते थांबलं नाही, फक्त जरा हळू झालं. काका केक खात होते. ते तिच्याकडे वळले नाहीत. इडवाल आपल्या कपात बघत होता. मेरेरिडने गवताने पुसलेला बुटका मूठ पुढे करून गेथिनला दिला.

गेथिनने तो घेतला, ओढला, आणि धारेवर आडवा अंगठा फिरवला. खुंटांच्या मातीने धार बोथटली होती. त्याने एकदा काकांकडे बघितलं आणि मग कोयता तिच्याकडे परत केला.

"उसना नेला की धार लावून द्यायची असते," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. तो नियम होता, आणि त्याने तो तिला सगळ्यांसमोर सांगितला, जसा कुठल्याही माणसाला सांगितला असता. मेरेरिडने नेस्टाकडे दगड मागितला. नेस्टाने तो आतून आणून दिला, एका वाटीत पाणीही.

दारापुढच्या पायरीवर ती बसली. चहाची भांडी घेऊन ये-जा करणाऱ्यांना तिच्या गुडघ्यांवरून पाय टाकून जावं लागत होतं. तिने दगड ओला केला आणि पातं त्यावर टेकवलं. आठ वेळा या बाजूने, आठ वेळा त्या बाजूने, दाब न देता. मग पुन्हा आठ. अंगणात बोलणं चालू होतं तोवर दगडाचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. थोड्या वेळाने तो ऐकू यायला लागला.